गजराकाकीची कमान

आमच्या चुनारवाडीत 'हा पतंग कोणी बनवला?' असं कोणी विचारलं की आम्ही ओळखतो, पाहुणा बाहेरगावचा आहे. खंभातचा पतंग एका माणसाचा कधीच नसतो. एकजण कागद कापतो, दुसरा कडेने दोरा घालून कागद दुमडतो, तिसरा उभी काडी चिकटवतो, चौथा आडवी कमान, पाचवा शेपटी. ज्याचं जे काम ते जन्मभराचं. माझे सासरे चाळीस वर्षं नुसत्या शेपट्या कापत होते. बाकी पतंग कसा होतो ते त्यांनी कधी विचारलंही नाही.

आणि मी, भीखा, मी तर पतंग बनवतच नाही. मी उडवून बघतो.

हसू नका, ही नोकरी आहे. रसिकभाई नावाचे व्यापारी घराघरात कागद देतात आणि तयार पतंग उचलतात. त्यांच्या गोदामात प्रत्येक घराच्या गाठोड्यातून शंभराला दोन पतंग मी काढतो, भोकं पाडून दोऱ्याचा किन्ना बांधतो आणि गच्चीवर जाऊन सोडतो. सरळ चढला तर माल पास. एका अंगाला कलायला लागला, म्हणजे कन्नी खायला लागला, की गाठोडं परत. एकवीस वर्षं हेच केलं. वाडीत माझा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. आणि दगडावरची रेघ चुकली तर पुसायची कशी, हा प्रश्न मला पन्नाशीत पडला.

गजराकाकी कमानी करायची. आसामचा बांबू चिरून काड्या यायच्या, त्या ती तासायची. हातात सुरी, मांडीवर गोणपाटाचा तुकडा, समोर काड्यांचा ढीग. एक काडी उचलायची, दोन टोकांना दोन अंगठे लावायचे, डोळे मिटून दाबायची. मग ज्या टोकाला जास्त जोर लागला तिकडून सुरीने दोन-चार ढलप्या काढायच्या. पुन्हा दाबायची. चार वेळा दाबून काडी बाजूला ठेवली की ती कमान झाली. दिवसाला पाचशे. नवरा लवकर गेला, मुलगा विपुल तेव्हा शाळेतही जात नव्हता. त्या कमानींवरच तिने त्याला मोठा केला, टेम्पो घेऊन दिला, लग्न लावलं. सुरतेचे उडवणारे गोदामात येऊन विचारायचे, "कमान गजराबेनची आहे ना?" एवढं ऐकलं की ते दुसरं काही बघायचे नाहीत.

तोंड मात्र सुरीपेक्षा धारदार. मी एकदा तिच्यासमोर शहाणपण पाजळलं, की काकी, सगळा खेळ वाऱ्याचा, वारा असला की पतंग उडणारच.

"असं होय? मग दोरी सोड बघू हातातली," काकी म्हणाली. "आला ना खाली गटांगळ्या खात? वारा कुठे गेला होता तेव्हा? मामाच्या गावाला?"

"मग कशाने उडतो?"

"वारा ढकलतो आणि दोरी अडवते. त्या दोघांच्या ओढाताणीत तो वर चढतो. माझंच बघ. नवरा ढकलायचा, सासू अडवायची. चढले का नाही?"

बायका खो खो हसल्या. पण पुढे काकी जे बोलली ते तिचं खरं शास्त्र होतं. पतंग वर असतो तेव्हा कमान वाऱ्याला थोडी मागे वाकते, दोन्ही बाजू जराशा मागे जातात, म्हणून तो उलटत नाही. मात्र दोन्ही बाजू सारख्या वाकायला हव्यात. एक मऊ राहिली तर ती जास्त वाकते, वारा सांडून टाकते, आणि पतंग तिकडेच कलंडतो. "काडीचं वजन नाही बघायचं, भीखा. वाकणं बघायचं. वजन काट्याला कळतं, वाकणं अंगठ्याला." मी मान डोलावली आणि विसरून गेलो.

विपुलची बायको तेजल शकरपूरची. शकरपूर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण तिथला धंदा वेगळा. तिथे अकीकचे खडे घासतात. घासणाऱ्या चाकातून जी पांढरी भुकटी उडते ती छातीत बसते आणि मग निघत नाही. तेजलचा बाप त्यातच गेला, शेवटी शेवटी त्याला पायरी चढवत नव्हती. आई अजून चाकावर बसते, खोकते आणि बसते. तेजल लग्न होऊन पतंगवाल्यांच्या घरी आली तेव्हा तिची आई आनंदाने रडली होती. 'माझी पोर भुकटीतून सुटली,' असं ती लग्नात ज्याला त्याला सांगत होती.

काकीने सुनेला खळीवर बसवलं, म्हणजे काड्या चिकटवायच्या कामाला. मैद्याची खळ शिजवायची, बोटाने पातळ ओढायची आणि काडी बसवायची. खळ एका बाजूला जाड गेली तर तेवढ्यानेही पतंग कलतो. तेजलचं बोट हलकं होतं. बोलायची कमी, सासूला 'बा' म्हणायची आणि पाच वाक्यांना एक उत्तर द्यायची. काकीला ते आवडायचं, कारण बोलायला तिला सगळं अंगण मोकळं मिळायचं.

दोन वर्षं बरं चाललं. मग गेल्या दिवाळीनंतर काकीच्या घरचा पहिला पतंग माझ्या हातात कन्नी खायला लागला.

डावीकडे कलला. मी दुसरा काढला, तो उजवीकडे. तिसरा चांगला चढला, चौथा पुन्हा डावीकडे. गच्चीवर उभा राहून मी विचार केला, आणि विचार काय केला? कमान गजराकाकीची, म्हणजे ती चुकणार नाही. उभी काडी तर मधोमध असते. मग राहिलं काय? खळ. खाली येऊन पतंग बोटावर आडवा तोलून बघितला. दोन्ही बाजू सारख्या, काट्यासारख्या सरळ. इथेच मी थांबायला हवं होतं. खळ एका बाजूला जास्त असती तर बोटावर पतंग झुकायला नको का? पण मी थांबलो नाही. 'खळ ओली असताना जड असते, वाळल्यावर कळत नाही,' असं काहीतरी मी स्वतःलाच समजावलं आणि गाठोडं परत पाठवलं. आमच्या वाडीत कोणीही हेच केलं असतं. तीस वर्षांच्या कमानीवर बोट ठेवायचं कोणाला सुचणार?

"काकी, वहूला सांगा, खळ पातळ कर," मी दारात उभा राहून म्हणालो.

काकी काडी तासत होती. तिने वर बघितलं नाही. "सांगते," म्हणाली.

तेजल बाजूलाच बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग सासूकडे बघितलं आणि बोटाने खळ ओढायला लागली.

उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, चार गाठोडी परत गेली. प्रत्येक वेळी खापर खळीवर फुटलं, म्हणजे तेजलवर. वाडीतल्या बायकांना विषय मिळाला. लेकी बोले सुने लागे, तसं सगळं चालायचं. विहिरीवर कोणी आपल्याच पोरीला म्हणायची, "खळ नीट ढवळ गं, नाहीतर शकरपूरला पाठवीन." तेजल हंडा भरून निघून जायची. विपुल आठवड्यातून एकदा टेम्पो घेऊन घरी यायचा. त्याला विचारलं तर, "आई बघेल ना."

मकरसंक्रांत झाली. ते दोन दिवस सगळा गुजरात गच्चीवर असतो आणि आम्ही गोदामात माल उपसत असतो. लोक आमचे पतंग उडवतात, आम्ही त्यांना पिशव्या भरून देतो. म्हणून आमची उत्तरायण नंतरच्या रविवारी, दर्यावर, सिकोतर मातेच्या देवळाजवळ. सगळी वाडी पतंग घेऊन तिथे जाते. त्याच्या आदल्या दिवशी रसिकभाई नव्या वर्षाचा कागद कोणाला किती ते ठरवतात. ज्या घराला कागद नाही ते घर वर्षभर बसून.

शनिवारी त्यांनी मला काकीकडे पाठवलं. निरोप सरळ होता. कागद मिळेल, पण खळीवर दुसरं माणूस बसवा. सून नको.

मी निरोप सांगितला. काकी म्हणाली, "माझ्या भावाची पोर येईल खळीला." तेजल ओट्यावर भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मग मी सोमवारपासून आईबरोबर जाते. तिथे चाक रिकामं आहे." आवाज अगदी साधा, बाजारात जाऊन येते म्हणावं तसा. दारात टेम्पो पुसणारा विपुल पुसतच राहिला. काकीने सुरी उचलली, एक काडी घेतली आणि ती पार पातळ होईपर्यंत तासत राहिली. मला वाटलं, सुनेच्या काळजीने घोर लागलाय बिचारीला.

रविवारी ओहोटी होती. दर्या लांब सरकला होता, चिखल वाळून पापडासारखा झाला होता आणि वारा गावाकडून पाण्याकडे वाहत होता. पतंगाला यापेक्षा चांगला वारा मिळत नाही. ताडपत्र्या पसरल्या, ढेबरं आणि लसणाची चटणी निघाली, पोरं फिरक्या घेऊन पळाली. आमच्याकडे रीत अशी की मातेला नारळ फोडला की वाडीतल्या सगळ्यात जुन्या हाताने पहिला पतंग सोडायचा. चार वर्षं तो मान गजराकाकीचा होता.

"या वेळी दुसऱ्याला द्या," काकी म्हणाली.

"अगं, नखरे करतेस काय नवरीसारखे?" बायकांनी तिला ओढून उभं केलं. मी तिच्याच घरच्या चवडीतला एक लाल पतंग काढला, किन्ना बांधला आणि लांब नेऊन सोडला. काकीने दोन ठुमके दिले, पतंग उठला. वीस हात चढला आणि डावीकडे कलला. काकीने ढील दिली, तो आणखी कलला. गोल फिरून चिखलाकडे झेपावला, तिने कसाबसा सावरला, पुन्हा डावीकडे.

"काकी, वहूची खळ दर्यापर्यंत आली की!" कोणीतरी ओरडलं. हशा पिकला.

तेजल ताडपत्रीवर बसून चहाचे पेले मांडत होती. आणि मला, वाडीच्या या परीक्षकाला, त्या हशात आपलीही भर घालायची खुमखुमी आली. मी म्हणालो, "जाऊ दे तेजल, उद्यापासून अकीक घास. खड्याला खळ लागत नाही."

कोणी हसलं नाही. तिच्या बापाच्या अंत्ययात्रेला मी स्वतः गेलो होतो. तोंडातून शब्द गेला तेव्हा मला ते आठवलं. तेजलने पेले मांडायचे थांबवले नाहीत. एक पेला आडवा झाला, एवढंच.

गजराकाकीने दोरी ओढायला सुरुवात केली. भराभर, हातावर हात. पतंग खाली आला, तिने तो उचलला आणि सगळ्यांसमोर मधोमध फाडला. मातेसमोरचा पहिला पतंग फाडायचा म्हणजे अपशकुन, बायकांनी तोंडावर हात घेतले. काकीने कागद चिखलात टाकला, कमान तेवढी ठेवली आणि माझ्यासमोर येऊन ती माझ्या हातात कोंबली.

"दाब," ती म्हणाली.

"काकी..."

"दाब म्हणते ना! दोन्ही अंगठ्यांनी. डोळे मीट, मेल्या, एकवीस वर्षं उघडे ठेवून काय दिवे लावलेस?"

मी डोळे मिटले आणि दाबलं. डावं टोक शिळ्या काकडीसारखं वाकलं. उजवं हटलं नाही. मी पुन्हा दाबलं, कमान फिरवून दाबलं. तेच. शंभर वेळा पतंग बोटावर तोलला होता मी, पण कमान एकदाही दाबून बघितली नव्हती.

"खळ चांगली आहे," काकी म्हणाली. मोठ्याने, लांबच्या ताडपत्रीपर्यंत जाईल असं. "पहिल्यापासून चांगली आहे. कमान वाईट आहे. माझी." तिने दोन्ही अंगठे वर धरले. "साखरेचा आजार आहे मला, ठाऊक आहे सगळ्यांना. श्रावणापासून यांच्यात काही कळत नाही. सुई टोचली तरी नाही. मग मी सुरीच्या पात्यावर काडी तोलत होते. वजन सारखं आलं की ठेवून देत होते. दुसऱ्यांना मी शिकवायचे, वजन बघू नका. आणि स्वतः तेच करत होते."

वाऱ्याने ताडपत्र्यांचे कोपरे फडफडत होते.

"आणि भीखा खळ म्हणाला," ती पुढे म्हणाली, आता आवाज खाली आला होता, "तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू मातेच्या दारात? बरं वाटलं मला. वाटलं, आज वाचले. असं करत करत पोरीला चाकावर पाठवायला निघाले."

तेजल उठून आली होती. तिने सासूच्या दंडाला हात लावला. "बा, चला. चहा निवतोय."

काकीने तिच्याकडे बघितलं. तेजलच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, राग नव्हता. काकी हुशार बाई, तिला तेवढं पुरलं.

"तुला ठाऊक होतं?"

तेजलने होकाराची मान डोलावली.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या पाडव्याला तुमचा अंगठा कापला होता. तीन कमानींना रक्त लागलं आणि तुम्ही चौथी घेतलीत. मी पुसून ठेवल्या."

"मग बोलली का नाहीस, करंटे? रोज शिव्या खात बसलीस! उद्या चाकावर बसली असतीस! का नाही बोललीस?"

तेजलला नेहमी एका वाक्यात उत्तर द्यायची सवय.

"कमान सोडून तुमच्याकडे दुसरं काय आहे, बा?"

"तू आहेस की!" काकी ओरडली. "तू आहेस की, अक्कलशून्य!" आणि त्या शेकडो माणसांसमोर, नवऱ्याच्या चितेपुढेही जी रडली नव्हती म्हणतात ती बाई, तोंडात पदर कोंबून रडली. तेजलही रडली. मीही रडलो, त्यात लपवण्यासारखं काय आहे? मग मी तेजलचे पाय धरायला गेलो, तर ती म्हणाली, "भीखाभाई, पेले लवंडतील." चहा तेवढा गार झाला होता, तरी सगळ्यांनी प्यायला. विपुलने दुसरा पतंग आणला, आईच्या हातात नव्हे, बायकोच्या हातात दिला. त्या वर्षी त्याने स्वतःहून केलेली ही पहिली गोष्ट.

संध्याकाळी मी रसिकभाईंकडे गेलो आणि चूक माझी होती असं सांगितलं. ते म्हणाले, "ते ठीक, पण आता कमान करणार कोण? गजराबेनचे अंगठे गेले." मी म्हणालो, "तासण्यात तिच्याइतका हात आजही कोणाचा नाही. नुसतं कुठून तासायचं ते कळायला हवं. सून दाबेल, सासू तासेल." त्यांनी डोकं खाजवलं. पहिल्या पन्नास कमानी बघून ठरवू म्हणाले. कागद मात्र दिला.

सोमवारी सकाळी त्या पहिल्या पन्नास कमानी बघायला मी काकीच्या अंगणात गेलो. दोघी गोणपाटावर समोरासमोर बसल्या होत्या. खळीची जागा रिकामी होती, भावाची पोर येत नाही असा निरोप आला होता. तेजल डोळे मिटून काडी दाबायची आणि म्हणायची, "उजवं." काकी सुरी लावायची. "पुन्हा उजवं." "पुरे झालं की!" "नाही बा, अजून उजवं." "माझ्यावर हुकूम चालवतेस?" "हो." काकी पुटपुटत तासायची. एका काडीवर दोघींचं पंधरा मिनिटं भांडण झालं आणि शेवटी मला दाबायला लावलं. तेजलचं बरोबर होतं. काकीने मलाच शिव्या दिल्या.

इतक्यात दारात तेजलची आई उभी राहिली. रविवारचं तिला काहीच ठाऊक नव्हतं. डोक्यावर फडकं बांधलेलं, हातात दोघींपुरता भाकरीचा डबा. उन्हातून चालत आल्यामुळे तिला ढास लागली होती. खोकला थांबल्यावर ती हळूच म्हणाली, "विहीणबाई, घेऊन जायला आलेय हिला. उशीर झाला तर चाक दुसरीला देतात."

गजराकाकी गोणपाटावरून उठली नाही. तिने सुनेच्या हातातली कमान बघितली, मग दाराकडे बघितलं.

"देऊ देत दुसरीला," ती म्हणाली. "तुम्ही बसा, चहा घ्या. आणि तुम्हीही आज जाऊ नका. खळीवर माणूस नाही माझ्याकडे."